फुटेज आहे, पण चेहरा ओळखू येत नाही

"माणूस दिसतोय हो, पण कोण आहे ते कळत नाही." सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात सगळ्यात जास्त वेळा कानावर येणारी तक्रार हीच. गोदामातून माल गेलेला असतो, काउंटरवरून मोबाइल उचललेला असतो, पार्किंगमध्ये गाडीला धक्का देऊन कुणी निघून गेलेलं असतं. रेकॉर्डिंग मागे नेलं की तो क्षण सापडतो. माणूस दारातून येतो, वळतो, जातो. मग कुणीतरी म्हणतं, "जरा झूम कर." झूम केलं की चेहऱ्याचे नुसते चौकोन उरतात.

यानंतर जवळपास प्रत्येक ठिकाणी एकच निर्णय होतो: जास्त मेगापिक्सेलचे कॅमेरे घेऊ. आणि वर्ष-दीड वर्षाने तीच तक्रार परत येते. एका गोदामात मला बोलावलं तेव्हा ही तिसरी फेरी होती. आधी २ मेगापिक्सेलचे झाले, मग ४ चे, आता ८ चे घ्यायचे होते. कॅमेरे बदलले, पण जागा तीच, उंची तीच आणि लेन्सही तीच, रुंद दृश्य दाखवणारी २.८ मिमीची. मालक चिडलेले होते आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. दोन्ही वेळा एचडी म्हणून जे विकलं गेलं ते खरोखर एचडीच होतं. पण दारातून येणारा माणूस कोण, हे त्या कॅमेऱ्यांना त्या जागेवरून कधीच सांगता येणार नव्हतं, आणि ही गोष्ट खरेदीच्या वेळी त्यांना कुणी बोलून दाखवली नव्हती.

दुखणं कुठे आहे ते आधी शोधा

नवा कॅमेरा मागवण्याआधी थोडा वेळ काढा. ज्या जागी चेहरा दिसायला हवा तिथे एका सहकाऱ्याला उभं करा आणि चार क्लिप घ्या. दिवसा स्थिर उभा, दिवसा नेहमीच्या चालीने चालताना, आणि हेच दोन्ही पुन्हा रात्री. रात्री रोज जेवढे दिवे चालू असतात तेवढेच ठेवा. चाचणीसाठी जास्तीचे लावू नका. प्रत्येक वेळी लाइव्ह चित्र कसं दिसतं तेही नीट पाहून ठेवा, आणि मग तोच क्षण रेकॉर्डिंगमधून काढून दोन्ही शेजारी शेजारी लावा.

दिवसा, स्थिर उभ्या माणसाचाही चेहरा कळत नसेल तर दोष लेन्सचा, अंतराचा किंवा फोकसचा. उभा असताना स्पष्ट आणि चालताना पुसट होत असेल तर उजेड आणि शटरचा वेग तपासा. लाइव्ह छान आणि रेकॉर्डिंग खराब असेल तर कॅमेऱ्याला हात लावायची गरज नाही, गडबड सेटिंगमध्ये आहे. ठरावीक वेळीच दारातला माणूस काळ्या सावलीसारखा दिसत असेल तर मागून येणारा प्रकाश आड येतोय. रात्री चेहरा पांढराफटक होत असेल तर आयआर (डोळ्यांना जवळपास न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाच्या) दिव्याकडे बघा. आणि रात्री चित्रच जात असेल, कॅमेरा बंद पडून परत चालू होत असेल, तर बहुतेक वेळा वीज कमी पडतेय.

त्याआधी एक अगदी साधी गोष्ट: शिडीवर चढून काच पुसा. कारखान्यातून आलेली पातळ फिल्म घुमटावर, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या अर्धगोल पारदर्शक आवरणावर, तशीच राहिलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. कधी जाळं असतं, कधी तेलकट थर, कधी घुमटावर ओरखडे. घुमट ओरखडलेला असेल तर बदलावाच लागतो, पॉलिश करून काम भागत नाही.

मेगापिक्सेल नाही, मीटरमागे पिक्सेल मोजा

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून सावकाश सांगतो.

मेगापिक्सेल म्हणजे पूर्ण चित्रात मिळून किती ठिपके आहेत तो आकडा. तेवढेच ठिपके दोन मीटरच्या दारावर पसरले तर दाट बसतात, वीस मीटरच्या अंगणावर पसरले तर विरळ होतात. चेहरा ओळखू यायचा तर चेहऱ्याच्या वाट्याला किती ठिपके आले यावरच सगळं अवलंबून असतं. म्हणून बघायचा आकडा म्हणजे जिथे माणूस उभा राहणार तिथल्या दृश्याच्या एक मीटर रुंदीत किती पिक्सेल येतात.

आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत यासाठी पायऱ्या दिल्या आहेत. कुणीतरी आहे एवढं कळायला मीटरमागे २५ पिक्सेल लागतात. कपडे, हालचाल असा तपशील पाहायला सुमारे ६२. आपल्या ओळखीचा माणूस आहे का ते सांगायला १२५. आणि कधीही न पाहिलेल्या माणसाची खात्रीने ओळख पटवायला २५०. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटिमीटर रुंद धरला तर २५० च्या हिशोबाने चेहऱ्यावर ४० ठिपके आडवे येतात, आणि १२५ ला २०. शेवटच्या दोन पायऱ्यांमधला फरक फार महत्त्वाचा आहे. आपल्याच कामगाराला आपण चालण्यावरून, शर्टावरून ओळखतो. चोर बहुधा अनोळखी असतो.

आता त्या गोदामाचा हिशोब मांडू. कॅमेऱ्यापासून दार १० मीटरवर होतं. दृश्याची रुंदी काढायची रीत सोपी आहे: अंतराला सेन्सरच्या (लेन्समागच्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) रुंदीने गुणा आणि लेन्सच्या मिमीने भागा. १/२.८ इंची सेन्सर, जो अशा कॅमेऱ्यांत खूप वापरला जातो, साधारण ५.६ मिमी रुंद असतो. म्हणजे २.८ मिमी लेन्सला १० मीटरवर सुमारे २० मीटर रुंदीचं दृश्य दिसतं. २ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० पिक्सेल असतात. ते २० मीटरवर पसरले की मीटरमागे ९६. चेहऱ्याच्या वाट्याला १५. ४ मेगापिक्सेलला, २५६० धरून, मीटरमागे १२८. ८ मेगापिक्सेलला, ३८४० धरून, १९२. म्हणजे तिसऱ्या खेपेला ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊनही अनोळखी माणसाची ओळख पटवायची पायरी गाठली गेली नसती.

त्याच जागी ८ मिमीची लेन्स लावली की १० मीटरवर दृश्य फक्त ७ मीटरचं होतं. आणि २ मेगापिक्सेलचा साधा कॅमेराही मीटरमागे २७४ पिक्सेल देतो.

आम्ही तेच केलं. दारासाठी ८ मिमीचा २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा लावला आणि आधीचे ४ मेगापिक्सेलचे रुंद कॅमेरे होते तिथेच राहू दिले. ८ मेगापिक्सेलचा संच मागवायची गरजच उरली नाही.

यातून खरेदीची रीत आपोआप ठरते. एकच कॅमेरा सगळं आवारही दाखवेल आणि चेहराही ओळखून देईल ही अपेक्षा सोडा. रुंद कॅमेरे काय घडलं ते सांगतात. चेहऱ्यासाठी वेगळा, अरुंद कॅमेरा ठेवा आणि तो अशा जागी लावा जिथून प्रत्येकाला गेल्याशिवाय गत्यंतर नाही: मुख्य दार, जिन्याचं तोंड, काउंटरसमोरची जागा, मागचं फाटक. बहुतेक मध्यम आकाराच्या कामाच्या ठिकाणी अशा जागा दोन-चारच निघतात. गाडीच्या नंबर प्लेटसाठी तर पूर्णपणे वेगळा कॅमेरा लागतो. त्याची शटरची आणि उजेडाची सेटिंग चेहऱ्याच्या कॅमेऱ्याशी जुळत नाही.

लेन्स नेमकी किती मिमीची हवी हे नक्की ठरत नसेल तर व्हेरिफोकल घ्या, म्हणजे २.८ ते १२ मिमीपर्यंत फिरवून बसवता येते. मोटर असलेली मिळाली तर फोकससाठी वारंवार शिडी लावावी लागत नाही. लांबट बोळ किंवा रॅकमधली वाट असेल तर कॅमेरा ९० अंशांत उभा फिरवून कॉरिडॉर मोड चालू करा. नाहीतर निम्मे पिक्सेल दोन्ही बाजूंच्या भिंतींवर खर्च होतात.

खोक्यावर जी ओळखण्याची अंतरं छापलेली असतात ती नुसत्या पिक्सेल आणि लेन्सच्या हिशोबावर काढलेली असतात. त्यात अंधार नाही, धावणारा माणूस नाही, ओली काच नाही. निम्म्या अंतरावर भरवसा ठेवा, असं मी सांगतो.

उंचीमुळे चेहरा जातो

कॅमेरा कुणाच्या हाताला लागू नये म्हणून तो उंच लावला जातो आणि मग वर्षभर टाळू आणि टोप्यांचं रेकॉर्डिंग होतं. कॅमेरा ३ मीटरवर आणि चेहरा १.६ मीटरवर असेल, तर माणूस ५ मीटर लांब असताना कॅमेरा सुमारे १६ अंशांनी खाली बघतो. तोच माणूस २ मीटरवर आला की कोन ३५ अंशांवर जातो आणि टोपीच्या कडेखाली डोळे गायब होतात. १५ अंशांच्या आसपास राहिलात तर चेहरा नीट मिळतो. तोडफोडीची भीती असेल तर उंची वाढवण्यापेक्षा कॅमेरा मागे न्या आणि लांबची लेन्स लावा. कोनही सुधारतो आणि हातही पोचत नाही. किंवा आयके१० दर्जाचा मजबूत घुमट घ्या. तो २० जूल ऊर्जेचा आघात सोसतो.

लाइव्ह छान, रेकॉर्डिंग खराब

हे फार फसवं दुखणं आहे, कारण बसवून झाल्यावर मालकाला लाइव्ह चित्रच दाखवलं जातं आणि तो समाधानाने मान हलवतो. रेकॉर्डिंग पहिल्यांदा उघडलं जातं ते चोरी झाल्यावर.

जवळपास प्रत्येक नेटवर्क कॅमेरा निदान दोन प्रवाह पाठवतो, मेन स्ट्रीम आणि सब स्ट्रीम. सब स्ट्रीम मोबाइलवर बघायला आणि स्क्रीनवर सोळा चौकटी मांडायला असतो. त्याचं रिझोल्युशन अगदी कमी असतं. रेकॉर्डरमध्ये चुकून, किंवा जागा वाचवायला म्हणून, सब स्ट्रीमच रेकॉर्डिंगला लावलेला सापडतो. सगळ्यात आधी हेच बघा.

मग बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा लिहिला जातो तो आकडा. १०८० पी, सेकंदाला २५ फ्रेम आणि एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) असेल तर ४ एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) खाली उतरू नका. एच.२६५ त्याच दर्जासाठी साधारण निम्म्या बिटरेटच्या उद्देशाने बनवलेलं आहे. गर्दीच्या किंवा रात्रीच्या दृश्यात मात्र एवढी बचत मिळेलच असं धरून चालू नका. बिटरेट कमी पडला की कॉम्प्रेशन पहिला तपशील हलत्या भागातला काढून टाकतं, म्हणजे नेमका चालणाऱ्या माणसाचा. भिंत सुबक दिसते आणि चेहरा फाटतो. डिस्क वाचवायचीच असेल तर फ्रेम २५ वरून १५ वर आणा. चेहऱ्याच्या कामाला १५ भरपूर झाल्या. पण प्रत्येक फ्रेमच्या वाट्याचे बिट कमी करू नका. स्थिर दृश्यात डेटा आपोआप कमी करणारा स्मार्ट कॉम्प्रेशनचा पर्याय चेहऱ्याच्या कॅमेऱ्यावर मी बंदच ठेवतो.

रेकॉर्डरलाही मर्यादा असते. सोळा चॅनेलचा एनव्हीआर, म्हणजे नेटवर्क कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, घेतला आणि त्याची आत घेण्याची क्षमता ८० एमबीपीएस निघाली, तर सोळा कॅमेरे प्रत्येकी ८ एमबीपीएसने १२८ मागतील. मग कुठे फ्रेम गळतात, कुठे कॅमेरा मध्येच ऑफलाइन दिसतो, आणि दोष कॅमेऱ्यावर येतो. खरेदी करताना चॅनेलच्या आकड्याबरोबर हा आकडाही विचारून घ्या.

रात्रीचं चित्र

रात्री तीन वेगवेगळी दुखणी एकमेकांत मिसळतात, म्हणून एकेक सुटं करायला हवं.

पहिलं म्हणजे हालचालीचा पुसटपणा. अंधार पडला की कॅमेरा आपोआप शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, सेकंदाच्या १/२५ पर्यंत, कधी त्याहूनही जास्त. सेकंदाला १.४ मीटर चालणारा माणूस तेवढ्यात ५ ते ६ सेंटिमीटर सरकतो. मीटरमागे २५० पिक्सेल असतील तर हे १४ पिक्सेल झाले. ४० पिक्सेलच्या चेहऱ्यात १४ चा फराटा. स्थिर चित्रात दिसणारी सगळी स्पष्टता इथे संपते. सेटिंगमध्ये जाऊन चेहऱ्याच्या कॅमेऱ्याला शटरची कमाल मर्यादा १/१०० घाला, सरकणं ३-४ पिक्सेलवर येतं. जिथे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे तिथे १/५० किंवा १/१०० ठेवलं की ट्यूबलाइटचा लुकलुकाटही टळतो. ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०.

शटर कमी उघडलं की चित्र काळोखतं, हे ओघानेच आलं. ती तूट भरायचे प्रामाणिक मार्ग दोनच: जास्त प्रकाश किंवा प्रकाश जास्त पकडणारा कॅमेरा. गेन, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलची पट, वाढवून चित्र उजळतं, पण त्यात दाणे येतात, आणि व्हिडिओ दाबणाऱ्या एन्कोडरला ते दाणे हालचालच वाटतात, त्यामुळे बिटरेटही तेच खाऊन टाकतात.

प्रकाश पकडण्याच्या बाबतीत जास्त मेगापिक्सेल उलट नडू शकतात. १/२.८ इंची सेन्सरवर २ मेगापिक्सेल असतील तर एकेक पिक्सेल साधारण २.९ मायक्रोमीटरचा असतो. तेवढ्याच सेन्सरवर ८ मेगापिक्सेल कोंबले की पिक्सेल १.४५ वर येतो, म्हणजे क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर. ८ मेगापिक्सेल घ्यायचाच असेल तर १/१.८ इंच किंवा त्याहून मोठा सेन्सर बघून घ्या. माहितीपत्रकात हा आकडा बारीक अक्षरात असतो, पण रात्रीच्या चित्राबद्दल मेगापिक्सेलपेक्षा तोच जास्त सांगतो. लेन्सचा एफ आकडाही बघा: एफ १.०, एफ १.६ च्या अडीच पट प्रकाश आत घेतो.

दुसरं दुखणं आयआरचं. आयआर दिव्याचा प्रकाश अंतर दुप्पट झालं की चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून ३० मीटर पल्ल्याचा दिवा दोन मीटरवरच्या माणसाला जाळून पांढरा करतो. स्मार्ट आयआर (माणूस जवळ आला की तीव्रता आपोआप कमी करणारी सोय) चालू करा, नाहीतर आयआरची तीव्रता हाताने कमी करा. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारची भिंत, छज्जा किंवा पाइप आयआर परत फेकतो आणि मग कॅमेरा सगळं दृश्य अंधारतं करून टाकतो. कॅमेरा वीतभर पुढे घेतला तरी सुटतं. रात्री धुकं दाटल्यासारखं चित्र दिसलं तर कोळ्याचं जाळं शोधा. दिव्यावर किडे येतात आणि किड्यांमागे कोळी. वारंवार होत असेल तर आयआर दिवा कॅमेऱ्यातला बंद करून वेगळा, थोडा लांब लावणं हा टिकाऊ उपाय आहे. दिवा ८५० नॅनोमीटरचा असेल तर मंद लाल ठिपका दिसतो. ९४० चा दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी पडतो.

आयआरबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक मालकाला आवर्जून सांगतो: त्या चित्रात कपड्यांचा रंग मानू नका. अनेक काळी कापडं आयआरमध्ये राखाडी, अगदी पांढरटही दिसतात. रात्रीच्या फुटेजवरून "पांढरा शर्ट होता" असं ठामपणे सांगितलं गेलं तर भलत्याच माणसावर संशय जाऊ शकतो. म्हणून जिथे शक्य आहे तिथे दारावर साधा पांढरा दिवा रात्रभर चालू ठेवा. चेहरा, रंग आणि शटर, तिन्ही गोष्टी त्या एका दिव्याने सुधारतात. पूर्ण यंत्रणेतला हा सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि बहुतेक ठिकाणी तोच नसतो.

तिसरं, फोकस. दिवसाच्या प्रकाशात बसवलेला फोकस आयआर लागल्यावर थोडा सरकू शकतो. म्हणून फोकस रात्री, आयआर चालू असताना तपासा आणि सकाळी पुन्हा एकदा बघा.

दारातली काळी सावली

काचेच्या दाराकडे आतून तोंड करून कॅमेरा लावला की बाहेरच्या उजेडापुढे माणूस सावली बनतो. डब्ल्यूडीआर, म्हणजे एकाच चित्रात उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळणारी सोय, चालू करा. पण माहितीपत्रकात खरा डब्ल्यूडीआर, १२० डेसिबल किंवा जास्त, असं असेल तरच फरक पडतो. डिजिटल डब्ल्यूडीआर फक्त अंधारा भाग उजळवून दाखवतो. तरीही भागलं नाही तर कॅमेरा फिरवून उजेड बाजूला घ्या, किंवा आत येणाऱ्याचा चेहरा दारापासून दोन-तीन मीटर आत, आतल्या दिव्याखाली पकडा.

रात्री कॅमेरा बंद-चालू होतो

दिवसभर व्यवस्थित आणि अंधार पडताच ऑफलाइन. याचं कारण दहातल्या नऊ वेळा मला आयआरच्या विजेत सापडलं आहे. दिवसा ४-५ वॅट घेणारा कॅमेरा आयआर लागल्यावर त्याच्या दुप्पट मागू शकतो. पीओई म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणं. त्याच्या ८०२.३एएफ मानकाच्या पोर्टवरून १५.४ वॅट निघतात आणि कॅमेऱ्यापाशी १२.९५ वॅट मिळतील एवढीच हमी असते, बाकीचे केबल खाते. मोटरची लेन्स किंवा हीटर असलेल्या कॅमेऱ्याला ८०२.३एटी लागू शकतं, म्हणजे पोर्टवर ३० आणि कॅमेऱ्यापाशी २५.५.

आता स्विच, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथे जोडतात तो डबा, बघा. आठ पोर्ट म्हणजे आठ पूर्ण कॅमेरे असं नसतं. आठही पोर्टनी १५.४ वॅट मागितले तर १२३ लागतील, आणि स्विचवर एकूण ६० वॅट लिहिलेलं असू शकतं. मग रात्री सगळ्यांचे आयआर एकदम लागले की शेवटचे एक-दोन कॅमेरे गळतात. दोन कॅमेरे काढून बघा. बाकीचे रात्रभर टिकले तर निदान पक्कं.

स्विच पुरेसा असेल तर केबल. पीओईची मर्यादा १०० मीटर आहे, आणि ती पूर्ण तांब्याच्या केबलची आहे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण विजेला जास्त अडवते आणि कॅमेऱ्यापाशी व्होल्टेज उतरतं. तपासायला कॅमेरा खाली उतरवून स्विचजवळ लहान पॅच केबलने एक रात्र चालवा, आयआर लागेल अशा अंधारात. तिथे नीट चालला तर केबल बदलायची. आणि बाहेरच्या कॅमेऱ्याचा जॉइंट उघडून बघा. आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) फक्त कॅमेऱ्याच्या डब्याला असतं. शेपटीचा जॉइंट नुसत्या टेपने गुंडाळून उघड्यावर सोडला तर पाणी शिरतं आणि पिना हिरव्या पडतात. जॉइंट बॉक्सच्या आत घ्या आणि केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल.

हवी ती तारीखच उरली नाही

४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी लिहितो, ३० दिवसांत १.३ टीबी. आठ कॅमेऱ्यांना १०.४ टीबी. रेकॉर्डरमध्ये ४ टीबीची डिस्क असेल तर साडेअकरा दिवसांनी जुनं पुसलं जातं, आणि मालातली तूट महिन्याअखेर मोजताना लक्षात येते. आधी किती दिवस हवेत ते ठरवा, मग डिस्क. डिस्क पाळत-यंत्रणेसाठी बनवलेलीच घ्या, ती चोवीस तास लिहिण्यासाठी असते. चेहऱ्याच्या कॅमेऱ्यात मेमरी कार्डही घाला. रेकॉर्डर चोरीला गेला किंवा नेटवर्क तुटलं तरी निदान दारावरचं रेकॉर्डिंग राहतं.

पासवर्ड

२०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेले ठरावीक युजरनेम-पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या सेवांवर हल्ले चढवले. तेव्हा पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, राउटरमधलं यूपीएनपी (बाहेरून येणाऱ्या जोडण्यांना आपोआप वाट उघडणारी सोय) बंद ठेवा, कॅमेरा थेट इंटरनेटवर उघडा करू नका आणि कार्यालयाच्या संगणकांपासून त्याचं नेटवर्क वेगळं ठेवा. फर्मवेअरचे अपडेट किती वर्षं मिळणार, हे खरेदीआधीच लेखी विचारा. ज्याला याचं उत्तर देता येत नाही त्याच्याकडून मी कॅमेरे घेत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर जोडायचे असतील तर दोन्हीकडे ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं जुळवणारं मानक) आहे का आणि कोणता प्रोफाइल ते बघा. एच.२६५ हवं असेल तर प्रोफाइल टी.

ऑर्डर कशी लिहायची

"८ मेगापिक्सेलचे १२ कॅमेरे" असं लिहू नका. प्रत्येक कॅमेऱ्यापुढे जागा, अंतर आणि त्याने काय सांगायचं ते लिहा. उदाहरणार्थ: मुख्य दार, १० मीटर, अनोळखी माणसाचा चेहरा, मीटरमागे २५० पिक्सेल, रात्रीही, चालताना, रेकॉर्डिंगमध्ये. आणि शेवटचं बिल या चाचणीनंतरच द्यायचं असं ठरवून घ्या. चांगलं काम करणाऱ्याला ही अट जाचक वाटत नाही. उलट नेमकं काय हवंय हे समजल्याने त्याचंही काम सोपं होतं.

घटना घडून गेली असेल आणि हे सगळं वाचायला उशीर झाला असेल, तर आत्ता एवढं करा. रेकॉर्डरचं घड्याळ आणि खरी वेळ यात किती फरक आहे ते लिहून ठेवा, आणि मगच एनटीपी (नेटवर्कवरून वेळ आपोआप जुळवणारी सोय) लावून घड्याळ दुरुस्त करा. घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तास, सगळ्या कॅमेऱ्यांचा, रेकॉर्डरच्या मूळ फॉरमॅटमध्ये त्याच्या प्लेअरसकट दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. स्क्रीनचं मोबाइलवर शूटिंग करून भागवू नका. त्यात उरलेसुरले पिक्सेलही जातात. आणि चेहरा दारावरच्या कॅमेऱ्यात मिळाला नाही तर तोच माणूस बाकीच्या कॅमेऱ्यांत शोधा. आत येताना नाही तर जाताना, कुठल्यातरी दिव्याखाली तो क्षणभर थांबलेला असू शकतो.